‘करतो’ की ‘करते’?

घरातल्या दुखणाईताची देखभाल करणाऱ्या 18 ते 25 वयातल्या वाचकांची पत्रं या सदराकडे नेहमी येतात. या वेळची चार पत्रं एकाच गाठीपाशी येऊन थांबतात: घर मला मुलगी किंवा मुलगा म्हणून राबवतं, आणि मला मात्र तो शब्दच अंगाला लागत नाही. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. उत्तरं समुपदेशक आणि गृहशुश्रूषा शिकवणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मी 22 वर्षांची. (हे ‘वर्षांची’ लिहितानाही खुपतं.) दीड वर्षापूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. बाबा यंत्रमागावर, भाऊ पुण्यात नोकरीला. आईची आंघोळ, डायपर, भरवणं, व्यायाम, सगळं माझ्याकडे. नातेवाईक म्हणतात, “पोरगी असावी तर अशी.” ऐकलं की अंगावर काटा येतो. मला मुलगी असणं नकोय, की मुलगी म्हणून गळ्यात पडलेलं हे काम नकोय, तेच कळत नाही. आणि मी मुलगा असेन, तर आईला आंघोळ कोण घालणार? छाती सपाट दिसावी म्हणून आईच्या पायाचं क्रेप बँडेज गुंडाळून बघितलं. बरं वाटलं, पण तिला उचलताना दम लागतो. (सांगली जिल्हा)

आधी ते बँडेज सोडा. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

क्रेप बँडेज सुजलेल्या पायासाठी असतं. छातीभोवती गुंडाळलं की हालचालीबरोबर त्याचे वेढे सरकतात, एकावर एक चढतात आणि आवळत जातात. श्वास घेताना बरगड्यांना बाहेर यायला जागा उरत नाही. त्यात तुम्ही आईचं वजन पेलता, म्हणजे शरीराला नेमका जास्त श्वास हवा तेव्हाच तो कोंडता. बरगडीचं दुखणं, क्वचित तडा, इथपर्यंत गोष्ट जाते. चिकटपट्टीही नको, तिने कातडी निघते. छाती दाबण्यासाठी शिवलेला बाइंडर मिळतो, तो स्वतःच्या मापाचाच घ्यायचा, एक नंबर लहान नाही. दिवसात जास्तीत जास्त 8 तास. झोपताना कधीच नाही. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक नियम: आईला उचलणं, कूस बदलणं, चाकाच्या खुर्चीत बसवणं, या वेळी बाइंडर अंगावर नसावा. तेव्हा घट्टसर स्पोर्ट्स ब्रा, वर जाड कापडाचा, गडद रंगाचा सैल शर्ट. उन्हाळ्यात घामोळं आणि बुरशी पटकन धरते, म्हणून बाइंडर रोज धुऊन पूर्ण वाळलेलाच घालायचा. मुंग्या, चक्कर, बरगडीत कळ यांपैकी काहीही झालं तर लगेच काढायचा.

उचलण्याचीही पद्धत बदला. काखेत हात घालून ओढत असाल तर आईचा लुळा खांदा सांध्यातून निसटू शकतो. तिच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत एक दुमडलेली चादर कायम पसरलेली ठेवा. सरकवायचं ते चादर धरून, शक्यतो दोघांनी. खुर्ची तिच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावा, म्हणजे ती स्वतः जोर देऊ शकेल.

आता मुख्य प्रश्न. तुम्ही दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत, त्या वेगळ्या करायला एक साधी वही पुरते. सहा ते आठ आठवडे, रोज दोन ओळी. पानाला दोन रकाने: एकावर ‘काम’, दुसऱ्यावर ‘मी’. दिवसात जे खुपलं ते लिहायचं आणि विचारायचं, की भावाने आजपासून निम्मं काम उचललं असतं तर हे खुपणं राहिलं असतं का? ‘रात्री तीनदा उठावं लागलं’ हे पहिल्या रकान्यात जाईल. ‘आत्याने लग्नातला फोटो दाखवला, त्यात ती मुलगी मी वाटलेच नाही’ हे दुसऱ्यात. “पोरगी असावी तर अशी” हे वाक्य फसवं आहे, ते दोन्हीकडे बसतं. ते फोडून लिहा. ‘अशी’ खुपलं की ‘पोरगी’? आणि नुसतं खुपलेलं टिपू नका, बरं वाटलेलंही टिपा. केस कापल्यावर, फोनवर कुणी ‘दादा’ म्हटल्यावर, बँडेज गुंडाळल्यावर जे वाटलं ते दुःखाइतकंच, कधी जास्तच, बोलकं असतं.

यात चूक कुठे होते? बहुतेक वेळा झोपेत. पाच तासांपेक्षा कमी झोप सलग दोन आठवडे झाली की सगळंच नकोसं वाटतं: काम, शरीर, नाव. त्या काळातल्या नोंदी राहू द्या, पण त्यांवरून निकाल लावू नका. वही सांगेल ते ‘दोन्ही’ असंही असू शकतं. बायकांवर लादलेल्या कामाचा राग येणं म्हणजे पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेलं लिंग आपलं न वाटणारी व्यक्ती) असणं नव्हे, आणि राग आहे म्हणून लिंगभावाचा, म्हणजे आपण आतून कोण आहोत याचा, प्रश्न खोटाही ठरत नाही. काहींना ‘पुरुष’ हा शब्द बसतो, काहींना ‘नॉन-बायनरी’ (ना धड पुरुष, ना धड स्त्री), काहींना बरीच वर्षं कोणताच नाही. शब्द ठरेपर्यंत थांबायला हरकत नाही. बाकी आयुष्य मात्र तोवर थांबवू नका.

आईची आंघोळ. मुलगे आईला आंघोळ घालतात, कित्येक घरांत घालतात, फक्त त्याची वाच्यता होत नाही. तेव्हा तुमची ओळख काय ठरते यावर हे काम अवलंबून नाही. ते अवलंबून आहे आईच्या मर्जीवर. कुणाच्या हातून अंग धुवून घ्यायला तिला संकोच वाटत नाही, हे तिला विचारा. बोलता येत नसेल तर मान हलवून सांगू द्या. वरचं अंग धुताना खालचं झाकलेलं, खालचं धुताना वरचं, आणि प्रत्येक टप्प्याला “आता पाठ धुतोय” असं सांगून. उद्या तिला बाईच हवी असली तर सकाळी तेवढ्यापुरती एक बाई लावता येते. त्यासाठी तुम्ही जन्मभर मुलगी राहण्याची गरज नाही.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो तुमच्याकडे नाही. म्हणून आठवड्यातून सलग तीन तासांची सुटी हे औषधाइतकं आवश्यक धरा. बदली माणूस (बाबा, शेजारच्या काकू, सुट्टीला आलेला भाऊ) तीन दिवसांत तयार होतो: पहिल्या दिवशी त्याने बघायचं, दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर करायचं, तिसऱ्या दिवशी तुम्ही बाहेरच्या खोलीत आणि तो एकटा. भिंतीवर एक कागद लावा: औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर. दर 2 तासांनी कूस. भरवताना पाठ सरळ, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत उतरतो. सुटी फसते ती फोनमुळे, “टॉवेल कुठंय?” म्हणून सहा फोन येतात. तेव्हा ठरवून टाका, फोन फक्त चार गोष्टींसाठी: श्वास, शुद्ध, पडणं, रक्त. तोंड वाकडं झालं, दुसरा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तुम्हाला नंतर, आधी 108 ला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

भाऊ पुण्याला आहे म्हणून सुटला असंही नाही. आईचं दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र; अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात), तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी, औषधांची खरेदी, ही कामं लांब बसून बरीचशी करता येतात. यादी करून त्याच्या नावाने पाठवा.

शेवटी भाषा. मराठीत क्रियापदच चुगली करतं: गेलो की गेले, करतो की करते. पण तुम्ही सांगली-कोल्हापूरकडचे. तिथल्या मुली सर्रास “मी येतो”, “मी जातो” म्हणतात आणि कुणाची भुवई हलत नाही. म्हणजे ‘करतो’ तोंडात घोळवून बघायला तुम्हाला आयता आडोसा आहे. इतर भागांतल्या वाचकांसाठी: “मला जायचंय”, “मी जाईन”, “मी औषध दिलं”, “माझं जेवण झालं”, “आम्ही आलो” या वाक्यांत बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. दिवसभर फक्त अशी वाक्यं बोलून बघा; मोकळं वाटतं की काहीच फरक पडत नाही, ते वहीत. (आम्ही तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतोय, ते निम्मं मानासाठी आणि निम्मं याच सोयीसाठी.)

प्रश्न : वय 20. सगळे मला मुलगा समजतात, मी आतून बाई आहे, याबद्दल मला शंका नाही. वडिलांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा मीच नेतो-आणतो. पुढे किडनी द्यायची वेळ आली तर मीच देणार असं घरात गृहीत आहे. ओळखीतली एकजण गर्भनिरोधक गोळ्या घेते, त्याने छाती येते म्हणाली. किती घ्याव्यात? (नांदेड)

एकही नाही. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये बहुधा एथिनिल इस्ट्रॅडिऑल नावाचं इस्ट्रोजेन असतं. त्याने रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि छातीसाठी म्हणून लोक चार-चार गोळ्या घेतात तेव्हा तो आणखी वाढतो. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर विचारूच नका. पारलिंगी स्त्रियांच्या उपचारात वेगळं इस्ट्रोजेन वापरतात, आणि त्याची मात्रा रक्त तपासून एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) ठरवतात.

तुमच्या बाबतीत एक जास्तीची पायरी आहे. वडिलांची किडनी कशाने गेली, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर एक गोष्ट. पण किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा पॉलिसिस्टिक आजार असेल, तर त्याच्या नेहमीच्या प्रकारात तो अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते. मग आधी तुमची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी). कारण पुरुषी हार्मोन दाबायला भारतात स्पायरोनोलॅक्टोन बरंच वापरतात, आणि ते पोटॅशियम वाढवतं. किडनी धड नसेल तर वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. पोटॅशियमचं पथ्य वडिलांमुळे तुम्हाला पाठ असेलच. याखेरीज सुरुवातीला यकृत, साखर, चरबी आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासून घेतात.

अपेक्षा नीट ठेवा. छातीत बदल सुरू व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, पूर्ण वाढीला दोन-तीन वर्षं किंवा अधिक. झालेली वाढ औषध थांबवून जात नाही. आवाज इस्ट्रोजेनने बदलत नाही. तो सरावाचा भाग आहे, रोज पंधरा मिनिटं, गच्चीवर का होईना. दाढीही जात नाही. वीर्यातले शुक्राणू कमी होतात, कधी कायमचे. पुढेमागे मूल हवं असेल तर औषधं सुरू होण्याआधी वीर्य साठवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

किडनीदानाचं. हार्मोन घेतले म्हणून दान आपोआप बाद होत नाही, पण प्रत्यारोपणाच्या पथकापासून ते लपवायचं नाही. गुठळीच्या धोक्यापायी शस्त्रक्रियेआधी औषध थांबवायचं की नाही, हे त्यांना ठरवावं लागतं. शिवाय किडनीचं काम मोजायच्या नेहमीच्या सूत्रात स्त्री की पुरुष हे घालावं लागतं, त्यामुळे आकडा वाचणाऱ्याला खरी माहिती हवी. घरच्यांना बाहेर ठेवून पथकाशी एकट्याने बोलण्याची मागणी करा; त्या बोलण्यात हे सांगा, आणि दान करायचं मनात नसेल तर तेही तिथेच सांगा. नकार द्यायचा हक्क शेवटपर्यंत तुमचा असतो. नाव बदलायचं असेल तर ते काम नात्याच्या पुराव्यांची फाइल मंजुरीला गेल्यावर मध्येच काढू नका. बाप-लेकाच्या कागदांवर नावं जुळली नाहीत की फाइल अडते. एकतर आधी सगळं उरका, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर.

डायलिसिस एका वेळी साधारण चार तास चालतं. म्हणजे आठवड्याला बारा तास तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून असता. त्यातला एक तास समुपदेशनाच्या फोनसाठी ठेवा. घरात जे बोलता येत नाही ते तिथल्या आवारात एका कोपऱ्यात बोलता येतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. समोर बसून बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. तिथे किंवा खासगीत कुणी “हे बरं करून देतो” म्हणालं तर उठून या. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात पारलिंगी असण्याला मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढलंय, ते 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. आणि अशी ‘बदलण्याची’ उपचारपद्धती हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलंय.

प्रश्न : आजीला सरकारी रुग्णालयात महिला वॉर्डात ठेवलं होतं. रात्री “फक्त बाईमाणूस थांबेल” म्हणाले. माझे केस बारीक, शर्ट-पँट, आधारवर ‘स्त्री’. सुरक्षारक्षकाने बाहेर काढलं, मग आधार बघून आत सोडलं आणि सगळ्या वॉर्डासमोर प्रश्न विचारले. पुन्हा ॲडमिट करायचंय. घरच्यांना मी काही सांगितलेलं नाही. (ठाणे)

रक्षकाशी वाद घालू नका, तो तुमचा माणूस नव्हे. दिवसा, दुपारी दोनच्या सुमाराला, गर्दी ओसरल्यावर दोन जणांना भेटा: वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि समाजसेवा अधीक्षक. दुसरं पद अनेकांना माहीतच नसतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्यांची खोली असते आणि नातेवाइकांच्या अडचणी हेच त्यांचं काम असतं. सांगायचं एवढंच: “आजीचं रात्रीचं मी बघणार, पास माझ्या नावाने द्या, गेटवर कळवून ठेवा.” ओळखीचा खुलासा करायची गरज नाही. पासवर सही-शिक्का घ्या, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि रात्रपाळी बदलते तेव्हा नव्या सिस्टरला स्वतःहून जाऊन दाखवा. घोटाळा बहुतेक वेळा याच बदलीच्या तासात होतो. स्वच्छतागृहाचा प्रश्न असेल तर तोही सिस्टरशीच बोला. रात्रभर पाणी न पिता काढणारे काळजीवाहक आम्हाला माहीत आहेत, त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो.

घरी सांगण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्राच्या तळाशी ते आहे. सांगण्याआधी घडी बसवा: स्वतःच्या नावाचं बँक खातं, मूळ कागदपत्रांच्या प्रती घराबाहेर एका विश्वासू माणसाकडे, फोनला कुलूप, दोन रात्री राहता येईल असं एक घर. आणि तुमच्याशिवाय आठवडाभर आजीचं चालेल अशी व्यवस्था. ही शेवटची गोष्ट आजीइतकीच तुमच्यासाठी आहे, कारण घरच्यांच्या हातातलं पहिलं शस्त्र तेच असतं: “तू असं वागलीस तर तिला कोण बघेल?” दुसरं शस्त्र: “तुझ्या बोलण्याने तिला झटका येईल.” झटका येतो तो न आवरलेल्या रक्तदाबाने, मधुमेहाने, तंबाखूने, हृदयाच्या बिघडलेल्या लयीने, मध्येच बंद केलेल्या गोळ्यांनी. तरीही बोलण्याची वेळ निवडा. ॲडमिट असताना नको, रात्री नको, पाहुण्यांसमोर नको. आणि सगळ्यांना एकदम नको; एका माणसापासून सुरुवात करा.

कागदांची घाई नाही. आपला लिंगभाव आपण ठरवायचा आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात म्हटलं. 2019 च्या कायद्याने ओळखीचं प्रमाणपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आणि पारलिंगी व्यक्तीला आईवडिलांच्या घरात राहण्याचा हक्कही लिहून ठेवला. अर्ज करायचा ठरलंच, तर त्या दिवशी कोणते नियम आणि कोणते फॉर्म लागू आहेत ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारूनच करा; त्यांचा 15100 हा क्रमांक आहे. मुंबई-ठाण्यात बोलायला माणसं हवी असतील तर एलजीबीटी समुदायासाठीची हमसफर ट्रस्ट ही संस्था 1994 पासून काम करतेय.

प्रश्न : बहिणीचा मुलगा, वय 19, अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आजीचं सगळं करतो. परवा अचानक गेले तर तो आजीचं लुगडं नेसून आरशासमोर उभा. मला बघून रडायला लागला. हल्ली जेवत नाही, “मी नसलो तरी चालेल” म्हणतो. मी बहिणीला सांगू का? (वय 47, सातारा)

लुगड्याचं बहिणीला सांगू नका. ते त्याचं आहे, तो सांगेल तेव्हा सांगेल. लुगडं नेसण्यावरून तो कोण आहे हेही ठरवू नका.

“मी नसलो तरी चालेल” हे मात्र आजच विचारा, सरळ शब्दांत: “जीव द्यायचा विचार येतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, 14416 ला त्याच्या शेजारी बसून फोन लावा, आणि धोका समोर दिसत असेल तर 112. अशा वेळी जीव वाचवण्यापुरतं बहिणीला सांगावं लागलं तर “तो खूप खचलाय, आज एकटा नको” एवढंच सांगा. दुखणाईत असलेल्या घरात औषधांचा साठा मोठा असतो. आजीच्या गोळ्या आणि इन्सुलिन तुमच्याकडे घेऊन या, आणि रोजच्या रोज लागेल तेवढंच द्या. कारण विचारलं तर “हिशेब मी ठेवते” म्हणा.

मग दर बुधवारी किंवा तुम्हाला जमेल त्या दिवशी आजीजवळ तीन तास तुम्ही बसा आणि त्याला बाहेर पाठवा. कुठे गेला होतास, हे आल्यावर विचारू नका. जेवलास का, ते विचारा.